एचएप्रॉक्सीत सगळे सर्व्हर हिरवे, तरी इन्सर्ट फेल: माझा अनुभव

हिंजवडीच्या ऑफिसात पॅट्रोनीवर (मास्टर कोण ते सांभाळणारं टूल) तीन पोस्टग्रेस डेटाबेस, एक मास्टर (लिहिणं फक्त यावर) आणि बाकी रेप्लिका (फक्त वाचायच्या प्रती), पुढे एचएप्रॉक्सी, म्हणजे कनेक्शन्स सर्व्हरांत वाटणारा प्रॉक्सी. मास्टर बदलला की काही इन्सर्ट (नवी नोंद लिहिणाऱ्या क्वेरी) 'रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शन' म्हणून आपटायचे, काही बिनधास्त जायचे. टाइमआउट वाढवला, अ‍ॅप रीस्टार्ट केलं, फरक शून्य, डोकं उठलं नुसतं.

कारण साधा टीसीपी चेक पोर्ट उघडा आहे का एवढंच बघतो, आणि रेप्लिकाचा ५४३२ (पोस्टग्रेसचा पोर्ट) पण उघडाच असतो ना, म्हणून ती पण हिरवी दिसते आणि इन्सर्ट तिच्याकडे जातात.

आधी प्रत्येक सर्व्हरच्या ८००८ वर (पॅट्रोनी आपली स्थिती सांगतो तो पोर्ट) कर्लने /प्रायमरी मारा, मास्टरने २०० (म्हणजे हो) द्यायला हवा, रेप्लिकांनी ५०३ (म्हणजे नाही). मग एचएप्रॉक्सीच्या कॉन्फिगमध्ये राइटच्या पोर्टला एचटीटीपीचेक (httpchk) /प्रायमरी, रीडच्या पोर्टला /रेप्लिका, सर्व्हरच्या ओळीत 'चेक पोर्ट ८००८', आणि 'ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स' टाकाच, नाहीतर जुनी कनेक्शन्स जुन्या मास्टरलाच चिकटून बसतात. कॉन्फिग तपासून रीलोड करा, मग मुद्दाम स्विचओव्हर करून (मास्टर बदलून) बघा.