कूलरमागील भौतिकशास्त्र प्रदर्शनात मांडण्यापूर्वी

तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी ‘रोजच्या वापरातील यंत्रांमागील भौतिकशास्त्र’ असा विषय मिळाला की बहुतेक मुले पहिल्या आठवड्यात थर्माकोल आणतात आणि शेवटच्या आठवड्यात माहिती शोधतात. हा क्रम उलटा हवा. यंत्र निवडताना ते घरात आहे का आणि त्याच्याबाबत एखादी गोष्ट आपल्या हाताने मोजता येते का, एवढेच पाहावे. मोबाइलच्या पडद्याबद्दल तुम्ही वाचलेले सांगू शकाल. मराठवाड्यात मार्चपासून खिडकीला लागणाऱ्या पत्र्याच्या कूलरबद्दल मात्र मोजलेले सांगू शकाल. म्हणून ही तयारी कूलर धरून लिहिली आहे.

सर्वप्रथम वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहावा. ‘कूलर कसा चालतो’ हा प्रश्न फार मोठा आणि फार सैल आहे. ‘आमच्या घरचा कूलर तासाला किती पाणी पितो आणि त्या बदल्यात हवा किती अंशांनी थंड करतो’ हा प्रश्न नेमका आहे, आणि ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या भागात तो विचारण्याला अर्थही आहे.

त्यानंतर दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 या पुस्तकातील उष्णतेचा पाठ काढून अप्रकट उष्मा (तापमान न वाढता पदार्थ वितळताना किंवा वाफ होताना लागणारी उष्णता) आणि सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे) या दोन संकल्पना, नववीत असलात तरीही, नीट समजून घ्याव्यात. पुस्तकात पाण्याच्या बाष्पनासाठी दिलेला 540 कॅलरी प्रतिग्रॅम हा आकडा 100 अंश सेल्सिअसचा आहे. कूलरमधील पाणी उकळत नाही, ते 25-30 अंशांना वाफ होते आणि तेव्हा दर किलोग्रॅमला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता येते ती ओल्या गवतातून जाणाऱ्या हवेकडून, म्हणून हवा थंड होते. समजा तासाला 3 लिटर पाणी उडाले, तर 7200 किलोज्यूल, म्हणजे सरासरी 2 किलोवॅट इतक्या वेगाने उष्णता हवेतून काढली गेली. पंख्याच्या मोटारीवरील पट्टीवर किती वॅट लिहिले आहेत ते वाचून या आकड्याशेजारी मांडावे. मोटार गारवा निर्माण करत नाही, ती फक्त हवा ओढते, हे त्या दोन आकड्यांवरून आपोआप दिसते.

साधनांमध्ये प्रयोगशाळेतील दोन तापमापी, मलमलचे कापड, दोरा, मोजपट्टी असलेली बादली आणि घड्याळ एवढे पुरे. दोन्ही तापमापी आधी एकाच भांड्यातील पाण्यात ठेवून त्यांच्या वाचनात फरक पडतो का ते नोंदवून ठेवावे. एका तापमापीच्या फुग्याला, म्हणजे खालच्या फुगीर टोकाला, खळ धुऊन काढलेले ओले कापड गुंडाळावे आणि वाचन स्थिर होईपर्यंत वारा घालावा. हे ओले तापमान म्हणजे कूलरची मर्यादा होय. कूलरची हवा त्याच्या खाली जाऊ शकत नाही. बाहेर 40 अंश आणि ओले तापमान 22 अंश असेल तर सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असते, आणि कूलरमधून 27 अंशांची हवा आली तर शक्य असलेल्या 18 अंशांपैकी 13 अंश, म्हणजे सुमारे 72 टक्के काम झाले असे म्हणता येते.

येथे आमची फजिती सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांच्या कूलरने जवळजवळ 100 टक्के काम केल्याचे दिसले आणि आम्ही ते अभिमानाने तक्त्यावर लिहिले. परीक्षकांनी एवढेच विचारले की तापमापी जाळीपासून किती अंतरावर धरली होती. ती इतकी जवळ होती की उडणारे तुषार फुग्यावर बसत होते, आणि आम्ही हवेचे नव्हे तर ओल्या फुग्याचेच तापमान मोजून आलो होतो. म्हणून बाहेर पडणारी हवा मोजताना तापमापी तुषारांच्या टप्प्याबाहेर धरावी, फुगा दर वेळी पुसून कोरडा करावा आणि हे अंतर वहीत लिहावे.

प्रदर्शने बहुधा दिवाळीनंतर भरतात, तेव्हा कूलर माळ्यावर गेलेला असतो. त्यामुळे नोंदी मे महिन्यातच घ्याव्यात. दुपारी दोनला आणि रात्री दहाला, खिडकी उघडी ठेवून आणि बंद ठेवून, अशा किमान आठ दिवसांच्या नोंदी असाव्यात. पाऊस सुरू झाल्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा दोन दिवस मोजावे. बाहेर 28 आणि ओले तापमान 25.5 अंश असेल तर कूलरला उतरायला अडीच अंशच उरतात. श्रावणात कूलर लावला की अंग चिकचिकते ते यामुळेच. माझ्या मते सादरीकरणातला सर्वांत बोलका भाग हाच आहे.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात पण ठामपणे सांगतो: टाकीत पाणी भरताना किंवा पत्र्याला हात लावताना प्लग काढलेला असावा, अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे आणि मोटारीचे कंडेन्सर (कपॅसिटर) मुलांनी उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

प्रदर्शनात कूलर नेण्याची गरज नाही. दोन तापमापी आणि हातपंखा पुरेसा आहे. वीज गेली तरी हा प्रयोग चालतो, आणि आमच्याकडे वीज नेमकी परीक्षक आले की जाते. तक्त्यावर एकच मोठा आलेख असावा. ‘बर्फ टाकला तर?’ हा प्रश्न हमखास येतो. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो, तर तेवढेच पाणी वाफ होताना त्याच्या सातपट घेते, हे उत्तर तोंडपाठ नव्हे तर हिशेबासह तयार ठेवावे. जे मोजले नाही त्याबद्दल ‘हे आम्ही मोजलेले नाही’ असे सरळ सांगावे. त्याने गुण कमी होत नाहीत, ओढूनताणून दिलेल्या उत्तराने होतात. आदल्या रात्री सगळे सादरीकरण घरातील आजीला ऐकवावे, आणि ती जिथे ‘म्हंजी काय?’ म्हणेल ते वाक्य बदलावे.

निघताना पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक जादा तापमापी, मलमलचा दुसरा तुकडा, पाण्याची बाटली आणि पाण्याचे डाग पडलेली मूळ वही ठेवावी. वहीची सुवाच्य नक्कल घरीच राहिली तरी चालेल.