महिन्याला ९९२ युरो: जर्मनीत नव्याने येणाऱ्यांसाठी खर्चाचा खरा हिशेब

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. महिन्याला ९९२. हा आकडा १ सप्टेंबर २०२४ पासूनचा. त्याआधी ११,२०८ होता, त्याआधी १०,३३२, आणि २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत आलेल्यांनी ८,६४० वर भागवलं होतं. त्यामुळे कुणी सीनियर ‘अरे, काही लागत नाही, आरामात होतं’ असं म्हणाला, तर तो कुठल्या साली आला ते आधी विचारा. सल्ला खोटा नसतो, शिळा असतो.

मी स्टुटगार्टला मास्टर्ससाठी आले. पुण्या-चाकणच्या पोरापोरींना बॉश आणि मर्सिडीज ही नावं घरचीच वाटतात, म्हणून आपल्याकडच्या मेकॅनिकलवाल्यांचा या शहराकडे ओढा फार. इथे येऊ घातलेल्यांचे मेसेज मला सतत येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ९९२ मध्ये महिना निघतो का? काटकसर केली तर निघतो. पण अडचण महिन्याची नाहीच. अडचण पहिल्या दोन महिन्यांची आहे, तेव्हा पैसे तुमचेच असतात आणि तुमच्या हातात नसतात.

आधी हा ९९२ येतो कुठून ते बघू. जर्मन सरकार इथल्या गरजू विद्यार्थ्यांना ‘बाफ्योग’ नावाची मदत देतं, तिची कमाल रक्कम ९९२ युरो आहे. परदेशी विद्यार्थ्यासाठी तीच उचलली. आत फोड अशी: रोजच्या गरजांना ४७५, घरभाड्याला ३८० आणि आरोग्य व शुश्रूषा विम्याला १३७. भाडं ३८० धरलंय, हे नीट वाचा. स्टुटगार्टमध्ये खाजगी ‘वेगे’त, म्हणजे तिघा-चौघांनी वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, ५०० च्या आत खोली मिळाली तर पेढे वाटावेत. म्युनिकमध्ये सातशे-आठशे. ३८० च्या आसपास फक्त विद्यार्थी वसतिगृहातली खोली बसते आणि तिथली प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेशाचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज टाका. व्हिसाची वाट बघत बसू नका.

विमान पकडायच्या आधीच खर्चाला सुरुवात होते. भारतीय पदव्यांसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे कागदपत्रं खरी आहेत का ते तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याचे १८,००० रुपये. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रासाठी पुढच्या प्रत्येकाला ३०. आठ ठिकाणी अर्ज केलेत तर २८५ युरो इथेच गेले. व्हिसाची फी ७५ युरो, ती रुपयांत घेतात. भाषेची परीक्षा, कागदांच्या प्रती, कुरिअर, व्हिसा केंद्राच्या शहरात जाणं-येणं हे वेगळं. यातलं काहीही प्रवेश नाकारला म्हणून परत मिळत नाही, तेव्हा आठ अर्ज करण्यापेक्षा चार विचारपूर्वक केलेले बरे.

आणि रुपया. याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण सगळ्यात मोठी कात्री तोच लावतो. २०२५ च्या सुरुवातीला युरो ९० रुपयांच्या आसपास होता, वर्ष सरताना १०५ च्या घरात गेला. जर्मनीने रक्कम एका सेंटनेही वाढवली नाही, तरी तेच ११,९०४ युरो साधारण पावणेअकरा लाखांवरून साडेबारा लाखांवर गेले. कर्ज मंजूर करून घेताना बँकेला आजच्या दराने आकडा देऊ नका, वर आठ-दहा टक्के धरा. मंजूर झालेलं सगळं उचलायलाच हवं असं नाही, पण वाढवून घ्यायला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराची, भीती मात्र आता कमी झाली आहे. एप्रिल २०२५ पासून शिक्षणासाठी वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तर लागतच नाही. आई-बाबांच्या खात्यातून त्याहून जास्त गेले आणि टीसीएस कापला गेला, तर त्यांच्या रिटर्नमध्ये त्याची वजावट मिळते. घरच्या सीएला आधीच सांगून ठेवा.

आता ते पहिले दोन महिने.

ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा ९९२ च निघतात, जास्त नाही. तेही इथल्या बँकेत चालू खातं उघडल्यावर. खात्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘आनमेल्डुंग’ लागतं, म्हणजे महापालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद. आनमेल्डुंगला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. घरमालकाला हवं डिपॉझिट. डिपॉझिटला पैसे हवेत आणि पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये! हे चक्र तोडायला हातात वेगळे पैसे लागतात आणि व्हिसाच्या यादीत त्यांचा कुठेही उल्लेख नसतो.

डिपॉझिटला इथे ‘काउत्सिओन’ म्हणतात. कायद्याने ते मूळ भाड्याच्या तीन पटींपेक्षा जास्त मागता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे, पहिला हप्ता घर ताब्यात घेताना. आपली मुलं संकोचाने हे विचारतच नाहीत आणि सगळं एकदम भरून टाकतात. इथे नियम दाखवून बोलणाऱ्याचा राग येत नाही. नम्रपणे ईमेल करा. मात्र खोली न बघता, चावी हातात न पडता एक युरोही पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ असं म्हणणारा मालक हा मालक नसतो.

मूळ भाडं ४५० आणि डिपॉझिट त्याच्या दुप्पट धरलं तर ९०० झाले. पहिल्या महिन्याचं सगळं मिळून भाडं ५५० च्या आसपास. दोन महिन्यांचा विमा ३०० च्या जवळ. निवास परवान्याच्या कार्डाचे १००. गादी, रजई, दोन भांडी, कुकर आणला नसेल तर तो, असे दीड-दोनशे. वर खाणं आणि बस-ट्रेन. माझ्या मते विद्यापीठाची फी सोडून अडीच हजार युरो फॉरेक्स कार्डवर किंवा तत्सम ठिकाणी लगेच वापरता येतील असे असावेत. वसतिगृहाची खोली पक्की असेल तर दीड हजारात जमेल. एवढे नसतील तर सप्टेंबरऐवजी पुढचं सत्र गाठणं शहाणपणाचं. हे ऐकायला कडू लागेल, पण पहिल्याच महिन्यात ओळख ना पाळख अशा माणसांकडे उसने मागणाऱ्यांना मी पाहिलंय.

विद्यापीठाच्या फीबद्दल ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबेर्ग या भागात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ पासून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला बहुतेक अभ्यासक्रमांत सत्राला ४,००० ते ६,०००. अजूनही बऱ्याच राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण सत्र-वर्गणी सगळीकडे असते, शंभर ते साडेतीनशेपर्यंत. तुमचं राज्य आणि विद्यापीठ कुठलं यावर दोन वर्षांत सहा ते पंचवीस लाखांचा फरक पडतो. अर्ज करतानाच बघायची गोष्ट आहे ही.

दर महिन्याच्या सक्तीच्या खर्चात विमा सगळ्यात आधी. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विम्याचे आता महिन्याला १४० ते १५० पडतात. २०२० च्या आसपास ११० च्या आत होते. २३ वर्षांपुढच्या आणि मूल नसलेल्यांना त्यात किंचित जास्त द्यावे लागतात, हो, त्यासाठीही. स्वस्त खाजगी विम्याच्या जाहिराती तुमच्या फोनवर येतील, महिना तीस-पस्तीस युरोवाल्या. एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत बदलता येत नाही. दाढ दुखली किंवा गुडघ्याचं ऑपरेशन निघालं की ती बचत कुठल्या कुठे जाते. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर मिळत नाही, त्यांनी विम्याचा वेगळा हिशेब करूनच यावं.

मग ‘रुंडफुंकबायट्राग’. टीव्ही नसला, रेडिओ नसला तरी सरकारी प्रसारणाची वर्गणी महिना १८.३६ युरो, तिमाहीला एकदम ५५.०८. आनमेल्डुंग झालं की काही आठवड्यांत पत्र येतं. ते जाहिरात समजून फेकलं तर थकबाकी साचत जाते आणि मागल्या तारखेपासून वसूल होते. यात एक दिलासा आहे: वर्गणी माणशी नसून घरामागे आहे. वेगेत एकाने भरली की बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचं. चौघं असाल तर माणशी पाच युरोही पडत नाहीत.

भाड्याच्या जाहिरातीत ‘काल्ट’ म्हणजे मूळ भाडं आणि ‘वार्म’ म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. वीज आणि इंटरनेट बऱ्याचदा त्याच्याही बाहेर. पण वार्ममधला हीटिंगचा भाग हा नुसता आगाऊ अंदाज असतो. वर्षाचा खरा हिशेब नंतर येतो आणि फरक भरावा लागतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर गॅस भडकला तेव्हा या फरकाने भल्याभल्यांची झोप उडवली. खोली घेताना मालकाला गेल्या वर्षीचा हिशेब दाखवायला सांगा. आणि खिडकी दिवसभर किलकिली ठेवून हीटर चालू ठेवू नका, पाच मिनिटं सताड उघडा आणि बंद करा. घराला बुरशी लागली तर डिपॉझिटवर डोळा असतोच.

किराण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे माणूस आपोआप शिकतो. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं खाद्यपदार्थ बारा-तेरा टक्क्यांनी महागले आणि ते दर काही खाली आले नाहीत. तरी स्वतः रांधलं तर महिना १८० ते २०० त बसतो. तांदूळ, मसूर, हरभरे, कोथिंबीर तुर्की दुकानात घ्या. इंडियन स्टोअर फक्त तूरडाळ, पोहे आणि ज्वारीच्या पिठासाठी. गोडा मसाला घरूनच आणा, तो इथे मिळत नाही आणि मिळाला तर ओळखू येत नाही. क्वार्क नावाचा पदार्थ चक्क्याच्या जवळ जातो, त्याचं श्रीखंड झकास होतं आणि आपल्याकडच्यापेक्षा स्वस्त पडतं! प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून परत मिळते. रविवारी दुकानं बंद, त्या दिवशी पेट्रोल पंपावर दूध घ्याल तर दीडपट-दुप्पट द्याल. दुपारी मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ.

प्रवासाचं देशभर चालणारं मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला आलं, जानेवारी २०२५ ला ५८ झालं, जानेवारी २०२६ ला ६३. विद्यार्थ्यांसाठी बहुतेक ठिकाणी स्वस्त पर्याय असतो, तो विद्यापीठाच्या पोर्टलवर शोधा, स्टेशनवरच्या खिडकीवर नाही.

कमाईचं काय? मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९०. मिनीजॉबची, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या नोकरीची, मासिक मर्यादा त्यामुळे ५५६ वरून ६०३ झाली. पण जर्मन भाषा बी-१ या मधल्या पातळीच्या खाली असेल तर गोदाम, डिलिव्हरी आणि हॉटेलातली भांडी यांपलीकडे दार उघडत नाही. पुण्यात असताना भाषेच्या वर्गावर घातलेले पैसे इथे सगळ्यात लवकर वसूल होतात. पहिल्या सत्रात कमाई शून्य धरा. मिळाली तर बोनस.

शेवटचं, जे जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. पहिला निवास परवाना साधारण दोन वर्षांपर्यंतचा असतो, कधी त्याहून कमी. मास्टर्स त्याच्या पुढे लांबतं, कारण प्रबंधाला कंपनी मिळायला वेळ जातो. मुदत वाढवताना पैशाचा पुरावा पुन्हा मागतात आणि तो त्या वेळच्या नव्या आकड्याप्रमाणे. तोवर ब्लॉक्ड अकाउंट रिकामं झालेलं असतं. वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी, म्हणून नोकरीचा करार आणि पगाराच्या पावत्या चालू शकतात, नाहीतर उरलेल्या काळापुरती रक्कम पुन्हा अडकवावी लागते. मुदतवाढीची फी शंभरच्या थोडी खाली आहे, पण खरी टंचाई अपॉइंटमेंटची असते. माझ्या वेळी तारीख मिळेपर्यंत परवाना संपत आला होता. मुदत संपायच्या आत अर्ज पोचलेला असेल तर कार्यालय १३ युरोंत तात्पुरतं प्रमाणपत्र देतं आणि तेवढ्यावर नोकरी चालू राहते. तेव्हा तीन महिने आधी ईमेल टाका, उत्तर नाही आलं तरी पाठवल्याची तारीख जपून ठेवा.