अग्निशमन केंद्रात थेरपी डॉग नेताय? या चुका टाळा

सोनी माझी गावठी कुत्री आणि थेरपी डॉग, म्हणजे ताणाखालच्या माणसांना नुसत्या सोबतीने धीर देणारी. दर मंगळवारी दुपारी आम्ही दोघी मुंबईतल्या एका अग्निशमन केंद्रात तासभर बसतो. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका माझ्याकडूनच झाल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जवानांना बोलतं करायला जाणं. पहिल्याच महिन्यात, रात्री मोठी आग विझवून आलेल्या एकाला मी विचारलं, "काल काय झालं हो तिथे?" सोनीच्या कानामागे फिरणारा त्याचा हात थांबला. तो उठला आणि पुढचे तीन मंगळवार आमच्याकडे फिरकला नाही. अशा घटनेनंतर लगेच सगळं सांगायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपण समुपदेशक नाही. चौथ्या मंगळवारी तो आपणहून फरशीवर येऊन बसला. सोनीने त्याच्या पायावर हनुवटी टेकली. वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. उठताना म्हणाला, "ताई, हिला बिस्कीट चालतं का?" मला तेवढं पुरेसं होतं.

मात्र कोणी जगणं नकोसं झाल्याचं बोलला, तर ते पोटात ठेवू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याला सांगून स्टेशन ऑफिसरशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा.

दुसरी चूक कुत्र्याच्या बाबतीत होते. "बघा, किती शांत बसलीये!" असं लोक म्हणतात, तेव्हा ती कधीकधी घाबरून थिजलेली असते. वारंवार जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही ताणाची लक्षणं. दिसली की घरी निघा, जवान पाचच मिनिटांपूर्वी आलेले असले तरी.

घंटा वाजल्यावर जवान बंबाकडे धावतात. त्या वाटेत कुत्रा नको. भिंतीलगत बसा, पट्टा आखूड आणि हातातच ठेवा. घंटेचा आवाज आधी घरी रेकॉर्डिंगवर, अगदी हळू लावून, खाऊ देत सवयीचा करा. याला काही आठवडे लागतात, घाई केलीत तर भीती कायमची बसू शकते.

आगीवरून आलेल्या जवानाची आंघोळ होईपर्यंत कुत्र्याला जवळ सोडू नका. काजळी केसांत बसते आणि कुत्रा ती चाटतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं काम कर्करोगकारक ठरवलं, त्यामुळे ही काळजी दोघांसाठी आहे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टो हा दूषित पाण्यातून होणारा आजार कुत्र्यालाही होतो. रेबीज आणि लेप्टोच्या लसी, महापालिकेचा परवाना, केंद्राची लेखी परवानगी, एवढे कागद जवळ हवेतच. कुत्र्याची भीती वाटणारेही तिथे असतात, त्यांना आग्रह करू नका.

आणि फोटो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणाच्या दिवशी कॅमेरा घेऊन येणारे पुष्कळ असतात. दमलेल्या माणसाचा कुत्र्याला कवटाळलेला फोटो त्याच्या गावच्या घरापर्यंत पोचतो, आणि मग आईचे फोन सुरू होतात. काढूच नका. त्यापेक्षा ठरलेला वार सांभाळा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, कारण दुपारी चारला कोणीतरी फाटकाकडे बघत असतो.