सोसायटीतले कचरा वर्गीकरण टिकवायचे कसे?

नवी मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत ओला व सुका कचरा वेगळा करण्याची मोहीम एकदा तरी होऊन गेलेली असते. पर्यावरण दिनाला फलक लागतो, डबे वाटले जातात आणि गणपती येईपर्यंत दोन्ही डब्यांत पुन्हा सारखाच कचरा पडू लागतो. लोकांना महत्त्व कळत नाही म्हणून असे होते, हे मला पटत नाही. वर्गीकरण 2016 च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारक आहे आणि वर्गीकरण न केलेल्या कचऱ्याचे ढीग तुर्भ्याच्या क्षेपणभूमीवर जातात, हे अनेकांना ठाऊक असते. अडते ते रोजच्या सोयीपाशी.

म्हणून आधी आठवडाभर नुसती पाहणी करावी. कोणत्या मजल्यावरचा कचरा मिसळून येतो, हे सफाई कामगारांइतके कोणालाच माहीत नसते, तेव्हा पहिली बैठक त्यांच्याबरोबर घ्यावी. दुसरी बैठक घरकामाला येणाऱ्या मावशींबरोबर, त्यांच्या सवडीच्या वेळी घ्यावी, कारण अनेक घरांत साली आणि दुधाच्या पिशव्या डब्यात प्रत्यक्ष त्याच टाकतात, आणि सूचना मात्र मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. ओट्याखाली दुसऱ्या डब्याला जागा नसेल, तर सुक्या कचऱ्यासाठी गॅलरीत अडकवलेली एक पिशवी पुरते. तो धुऊन वाळवलेला असला की आठवड्यातून दोनदा उचलला तरी चालतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र कागदात गुंडाळून, खूण करून वेगळेच द्यावेत.

वेगळा दिलेला कचरा खाली एकाच पिंपात ओतला जाताना एखाद्या रहिवाशाने पाहिला, तर महिन्याची मेहनत एका सकाळी वाया जाते. त्यामुळे घरोघरी सांगण्यापूर्वी फाटकापाशी दोन स्वतंत्र पिंपे आणि घंटागाडीत दोन्ही प्रकार वेगळे जाण्याची व्यवस्था पक्की करावी. सुका कचरा विकून येणारे पैसे सफाई कामगारांना द्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

दर सोमवारी लिफ्टशेजारच्या फलकावर विंगमधली किती घरे वर्गीकरण करतात तो आकडा लिहावा, पण घरांची नावे लिहू नयेत, कारण चारचौघांत लाजवलेला माणूस बदलण्याऐवजी कचरा लपवायला शिकतो. सुरुवातीला ‘40 पैकी फक्त 9 घरे’ असे लिहिणेही घातक ठरते. त्यातून उरलेल्या 31 घरांना आपण बहुमतात आहोत, एवढाच दिलासा मिळतो. त्याऐवजी मागच्या आठवड्यापेक्षा किती घरे वाढली, ते लिहावे. बक्षिसांवर फार भिस्त ठेवू नये, कारण बक्षीस थांबले की सवयही थांबण्याचा धोका असतो. दंड हा सर्वसाधारण सभेच्या ठरावानंतरचा शेवटचा उपाय असावा.

आवारात खत करणार असाल, तर ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुका पाला टाकावा. मूठ दाबल्यावर पाणी टपकले किंवा वास आला, तर पाला वाढवावा. तयार खताची पिशवी प्रत्येक घरी पोहोचवावी.

इतके करूनही घडी मोडते ती भाडेकरू बदलल्यावर. यासाठी नव्या कुटुंबाचा भाडेकरार आणि पोलीस पडताळणीची कागदपत्रे समिती ज्या दिवशी घेते, त्याच दिवशी दोन डबे त्यांच्या हाती द्यावेत, आणि कचरा किती वाजता बाहेर ठेवायचा हे सांगायला सेक्रेटरींनी न जाता त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी जावे.