ज्वालामुखीचा गॅस मोजताय? मग या चुका टाळा

इटलीतल्या एटना ज्वालामुखीवर गॅस मोजायला नवीन येणारी मुलं मी बरीच वर्षं बघतेय, आणि चुका दरवेळी त्याच. सगळ्यात महागात पडते ती वाऱ्याची.

डोआसची, म्हणजे आकाशातून येणाऱ्या सूर्यप्रकाशावरून गॅस मोजणाऱ्या यंत्राची, दुर्बीण आकाशाकडे करून गाडी झाफेराना ते मिलो या गावांदरम्यान प्लूमच्या, म्हणजे ज्वालामुखीतून निघणाऱ्या गॅसच्या लोटाच्या, खालून न्यायची, की डोक्यावर सल्फर डायऑक्साइड किती आहे ते कळतं. पण दिवसाला किती टन हे काढायचं तर त्या सगळ्या पट्ट्याच्या बेरजेला वाऱ्याच्या वेगाने गुणावं लागतं, म्हणजे वारा जितक्या पटीने चुकला तितक्याच पटीने टन चुकले. एकदा आमच्यातल्या एकाने घाईत खालच्या गावातल्या वेदर स्टेशनचा वारा घातला, सेकंदाला 3 मीटर. प्लूम होता 3300 मीटरवर आणि तिथे वारा 9 चा! गॅस एका दिवसात तिसऱ्या हिश्श्यावर आलेला दिसला, आणि मीटिंगमध्ये डोंगर शांत होतोय अशी चर्चाही सुरू झाली. रात्री साडेअकराला आम्ही दोघं फाइल उघडून बसलो तेव्हा तो 3 सापडला. तेव्हापासून मी प्लूमची उंची आधी वहीत लिहिते, त्या उंचीचा वारा मॉडेलमधून घेते, आणि हे दोन्ही नसेल तर टनांचा आकडा कुणालाच सांगत नाही.

आणि आकडा खरोखर पडला तरी लगेच निश्चिंत होऊ नका. 1991 साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीत सल्फर डायऑक्साइड मेच्या मध्याला रोज 500 टन होते ते 28 मेपर्यंत 5000 च्या वर गेले, आणि जूनच्या सुरुवातीला धाडकन खाली आले. वाट बुजून गॅस आत कोंडला होता, 15 जूनला प्रचंड उद्रेक झाला.

मल्टिगॅसच्या, म्हणजे हवा आत ओढून अनेक गॅस एकदम मोजणाऱ्या यंत्राच्या, नळीत पाणी साचू देऊ नका. सल्फर डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळतो, कार्बन डायऑक्साइड जवळजवळ तसाच पुढे जातो, मग कार्बन डायऑक्साइडचं सल्फर डायऑक्साइडशी गुणोत्तर उगाच चढतं आणि खालून नवा मॅग्मा येतोय असं वाटायला लागतं. नळीत थेंब दिसला की मी ती सरळ बदलते, फुंकर मारून वाळवण्याचे शॉर्टकट मला अजिबात पटत नाहीत.

मल्टिगॅसच्या आकड्यातून हवेतला मूळचा 420 पीपीएमच्या आसपासचा कार्बन डायऑक्साइड वजा करा. इनलेटच्या, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या तोंडाच्या, वाऱ्याकडच्या बाजूला उभं राहू नका, तुमचा श्वासही मोजला जातो. सूर्य खाली असताना डोआस लावू नका, दोन तास थांबा. थांबायचा कंटाळा येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी नुसती वही भरायला देते.