रिसिव्हर आणि स्पीकरची जोडी कशी जमवावी: खान्देशातल्या घरांसाठी

दुकानात स्पीकर बघायला आलेला माणूस हमखास पहिला प्रश्न टाकतो, "भाऊ, हाऊ कितला वॅटना शे?" दुकानदार हजारातला एखादा आकडा फेकतो आणि पुढची घासाघीस त्या आकड्यावरच चालते. वॅट विचारू नये असं नाही, पण त्याचा नंबर चौथा. आधी खोली, मग स्पीकरची संवेदनशीलता (थोड्या ताकदीत तो किती मोठा वाजतो ते), मग ओहम (विजेला होणारा त्याचा अडथळा). आपल्याकडे त्यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि रिसिव्हर, म्हणजे आवाजाला ताकद देऊन स्पीकरना पुरवणारा डबा, हे मुळात तापणारंच यंत्र. दुसरीकडे निभावून जाणारी जोडी इथे दुपारी धापा टाकते. म्हणून माझा कल सुरुवातीलाच सांगतो: खान्देशात ८ ओहमचे, जास्त संवेदनशील स्पीकर घ्यावेत आणि रिसिव्हरला काम कमी ठेवावं.

१. खोलीत टाळी वाजवा

खोलीची लांबी-रुंदी मोजा आणि बसायची जागा स्पीकरपासून किती लांब पडेल तेही टेपने मोजून घ्या. मग मधोमध उभं राहून एक जोरात टाळी द्या. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आली, तर खोलीत घुमारा आहे. स्लॅबचं छत, गुळगुळीत प्लास्टर, फरशी आणि एकच सोफा असलेल्या नव्या बंगल्यांत हा घुमारा असतोच. अशा हॉलमध्ये तिखट आवाजाचे स्पीकर घेतले, तर अर्ध्या तासात कान शिणतात. जुन्या धाब्याच्या घरात खडबडीत भिंती आणि लाकडी सरे असल्यामुळे हा त्रास बराच कमी.

उपाय महाग नाही. समोर जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जड पडदा आणि सोफ्यामागच्या भिंतीवर एखादी गोधडी टांगली, तरी फरक कळतो. हे स्पीकर घेण्याआधी करा, म्हणजे खोलीचा दोष स्पीकरच्या माथी बसणार नाही.

२. स्पीकर आधी, रिसिव्हर नंतर

लोक उलटं करतात. ऑफरमधला रिसिव्हर घरी येतो आणि उरलेल्या पैशात स्पीकर बसवले जातात. आवाजाचा पोत ठरवतो तो स्पीकर, त्यामुळे बजेटचा मोठा वाटा त्याला द्या. पैसे मोजकेच असतील, तर पाच स्वस्त डब्यांपेक्षा दोन चांगले स्पीकर घ्या. बाकीचे नंतर जोडता येतात.

माहितीपत्रकात संवेदनशीलता डेसिबलमध्ये लिहिलेली असते: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती आवाज. घरगुती स्पीकरमध्ये हा आकडा साधारण ८४ ते ९२ असतो. दिसायला फरक किरकोळ, पण दर ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात आणि १० डेसिबलला दहापट.

आता हिशेब करू. स्पीकर ८८ डेसिबलचा आणि तुम्ही ३ मीटरवर बसलेले. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल जातात. दोन स्पीकर आणि भिंती मिळून त्यातले निम्मे परत देतात. म्हणजे एकेका वॅटला कानाशी ८३ च्या आसपास. घरात सिनेमा बघताना सरासरी ७५ डेसिबल भरपूर होतात. त्याला लागतो एका वॅटचाही सहावा हिस्सा! स्फोट, ढोल अशा क्षणी आवाज २० डेसिबलने उसळतो. तेव्हा १६ वॅट लागतील. तोच स्पीकर ८४ डेसिबलचा असता, तर त्याच क्षणाला ४० वॅट. हजार वॅटची भाषा किती पोकळ आहे ते इथे दिसतं.

एक खाच लक्षात ठेवा. काही कंपन्या १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला दोन्ही एकच, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टवर २ वॅट जातात. त्याच्या आकड्यातून ३ वजा करूनच तुलना करा.

३. ओहम जुळवा

ओहम म्हणजे स्पीकर विजेला करत असलेला अडथळा. तो जितका कमी, तितका जास्त प्रवाह रिसिव्हरला पुरवावा लागतो. पाणी वर चढवायचं नसताना पूर्ण उघडी सोडलेली विहिरीवरची मोटार जास्त पाणी फेकते आणि जास्त करंट ओढून तापते, तसंच हे. ८ च्या जागी ४ ओहम लावले, की त्याच व्हॉल्यूमला प्रवाह दुप्पट.

रिसिव्हरच्या मागे स्पीकरच्या खुंट्यांजवळ ओहमची मर्यादा छापलेली असते, बहुधा '६ ते १६' किंवा '४ ते १६' अशी. स्पीकरचा आकडा त्या मर्यादेत बसला पाहिजे. स्पीकरवरचे '८ ओहम' हा नाममात्र आकडा असतो. काही सुरांना तो बराच खाली उतरतो. म्हणून काठावरची जोडी टाळा.

जुन्या स्पीकरवरचा छाप पुसला गेला असेल, तर मल्टिमीटर लावा. वायर सुटी करून दोन खुंट्यांवर काड्या टेकवल्या आणि साडेपाच ते सातच्या दरम्यान आकडा आला, तर स्पीकर ८ ओहमचा. तीन-साडेतीन दिसले, तर ४ चा. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा कमीच दाखवतो, स्पीकर बिघडला असं समजू नका.

आपल्याकडे तीन ठिकाणी गफलत होते.

पहिली, जुन्या रेडिमेड होम थिएटरचे छोटे स्पीकर. त्यांतले बरेच ३ किंवा ४ ओहमचे असतात आणि फक्त त्यांच्याच डब्यासाठी बनवलेले असतात. ते नव्या रिसिव्हरला लावू नका.

दुसरी, रिसिव्हरला 'ए' आणि 'बी' अशा लावलेल्या दोन जोड्या. एक जोडी हॉलमध्ये, एक गच्चीवर, आणि दोन्ही एकदम चालू. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ उरतात, ६ चे दोन जोडले की ३. एका वेळी एकच जोडी वाजवा.

तिसरी, गणपती मंडळाचे कर्णे आणि कॉलम. सभा-मंडपाचे बरेच स्पीकर १०० व्होल्टच्या लाइनवर चालतात, आत ट्रान्सफॉर्मर असतो. १० वॅटच्या अशा कर्ण्याचा अडथळा १००० ओहम पडतो. घरच्या रिसिव्हरवर तो कुजबुजल्यासारखा वाजेल. तो मंडळाच्या अँप्लिफायरवरच शोभतो.

४. आता वॅट

'पीएमपीओ' (क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेला आकडा सरळ सोडून द्या. 'आरएमएस' (सतत देता येणारी ताकद) असेल तरी पुढचं बारीक अक्षर वाचा. 'एक चॅनेल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती' असं असेल, तर आकडा फुगवलेला आहे. 'दोन चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के' असं असेल, तर तो विश्वासाचा. असे खरे ५० ते ८० वॅट आपल्या नेहमीच्या हॉलला पुरून उरतात.

स्पीकरवर '१०० वॅट' आणि रिसिव्हरवर '८०' असेल, तर घाबरू नका. खरा धोका असतो दमलेल्या रिसिव्हरला आणखी पिळण्यात. त्याची ताकद संपली की लहरींचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो आणि पहिला बळी जातो ट्वीटरचा, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याचा.

५. ऐकून घ्या

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, दुकानात आपलं गाणं घेऊन जा. दुकानदाराचा ठरलेला धडामधूम तुकडा सगळ्याच स्पीकरवर भारी वाटतो. माझ्या मते भजनाचं चांगलं रेकॉर्डिंग यासाठी उत्तम. टाळांचा आवाज काचेसारखा टोचला, तर ट्वीटर कर्कश. मृदंगाची धुम वेगळी कळण्याऐवजी नुसती गुरगुर आली, तर वूफर (खर्ज वाजवणारा मोठा पडदा) सैल. आणि बुवांचा आवाज माणसाचा वाटला पाहिजे, डब्यातून आल्यासारखा नाही. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारख्याच पातळीवर ठेवायला सांगा. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

सेंटर स्पीकर, म्हणजे टीव्हीजवळचा मधला, घेणार असाल, तर तो पुढच्या दोघांच्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेतला घ्या. नाही तर पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेलं की वाटेत त्याचा आवाज बदलतो.

६. जागा आणि वायर

शोकेसच्या खणात स्पीकर कोंबू नका. मागे भोक असलेला स्पीकर खणात ठेवला की खर्ज घुमतो आणि सगळा तोल जातो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, कोपऱ्यापासून लांब, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा.

वायर शुद्ध तांब्याची. ८ ओहमला १० मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटर पुरते, ४ ओहमला अडीच घ्या. तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे.

लाल लालला, काळी काळीला. एक स्पीकर उलटा जोडला गेला, तर खर्ज गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध उभा राहत नाही. खुणा पुसलेल्या असतील, तर दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. 'टक्' होऊन वूफरचा पडदा पुढे आला, तर सेलची अधिक बाजू जिथे आहे ती खुंटी लाल.

७. कूलर बंद करून मापन

रिसिव्हरसोबत मायक्रोफोन येतो. डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपीएओ अशा नावांनी त्याचं स्वयंचलित मापन चालतं आणि आवाज खोलीप्रमाणे जुळवला जातो. माइक उशीवर न ठेवता स्टँडवर, कानाच्या उंचीवर लावा. पंखा आणि कूलर बंद ठेवा, नाही तर यंत्र कूलरची घरघरही मोजेल. पहाटे किंवा रात्री उशिरा केलं तर उत्तम.

सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा डबा) असेल, तर मापनानंतर मेनूत जाऊन स्पीकर 'स्मॉल' करा आणि ८० हर्ट्झखालचा, म्हणजे खर्जाचा आवाज त्याला द्या. सगळ्यात जड काम सबवूफरचा स्वतःचा अँप्लिफायर उचलतो आणि रिसिव्हर थंड राहतो. यंत्राने सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं, तर ते बदलू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

८. उन्हाळा आणि वीज

बऱ्याच रिसिव्हरच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपल्याकडे बंद हॉल एप्रिलमध्येच ते ओलांडतो. म्हणून वर आणि बाजूला वीतभर मोकळी जागा ठेवा, सेट टॉप बॉक्स डोक्यावर चढवू नका, आणि तो भरतकामाचा रुमाल तर नकोच. जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्यावर रिसिव्हर गुणगुणतो. साइन वेव्हचा असेल तरच त्यावर जोडा. व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या गावात स्टॅबिलायझरवरचे पैसे वसूल होतात.

ऐकता ऐकता रिसिव्हर आपोआप बंद पडला आणि 'प्रोटेक्ट' दिसलं, तर प्लग काढून आधी मागच्या खुंट्या बघा. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या खुंटीला टेकलेला सापडतो. तिथे काही नसेल, तर ओहम पुन्हा मोजा. तेही बरोबर असतील आणि दुपारीच बंद पडत असेल, तर त्याला शोकेसमधून बाहेर काढा.