‘दहाचा रॉड’ मागवण्यापूर्वी: मेट्रिक थ्रेडेड रॉडची घाऊक खरेदी कशी करावी

नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानात ‘दहाचा रॉड द्या’, म्हणजे पूर्ण लांबीभर आटे पाडलेला रॉड द्या, असे म्हटले तर मुरलेला दुकानदार आधी एकच प्रश्न विचारतो: ‘मिलिमीटरमध्ये की सुतात?’ हा प्रश्न त्याने विचारला नाही, तर तो आपण स्वतःला विचारावा. मुंबईच्या बाजारात एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच हे जुने माप अजून चालते आणि तीन सुती रॉड, म्हणजे ९.५२ मि.मी.चा रॉड, नुसत्या नजरेला दहा मि.मी.च्या रॉडसारखाच दिसतो. दहा-वीस नगांच्या खरेदीत ही चूक दुकानात परत जाऊन सुधारता येते; सहा हजार मीटर माल इमारतीच्या तेवीस मजल्यांवर पोहोचल्यानंतर ती सुधारता येत नाही. डक्ट, पाइप, केबल ट्रे आणि फॉल्स सीलिंग टांगण्यासाठी किंवा कारखान्यातील यंत्रांच्या बांधणीसाठी हा माल मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काम करावे, हे येथे सांगितले आहे.

मागणी शब्दांत लिहून काढावी

‘एम-१०’, म्हणजे दहा मि.मी.चा मेट्रिक रॉड, हा फक्त व्यास झाला. पूर्ण मागणीत व्यास, पिच (लगतच्या दोन आट्यांमधील अंतर), लांबी, ताकदीचा वर्ग, लेपन आणि आट्यांचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) या सहाही गोष्टी याव्या लागतात. जाड आट्यांची प्रमाणित पिच एम-८ साठी १.२५, एम-१० साठी १.५, एम-१२ साठी १.७५, एम-१६ साठी २ आणि एम-२० साठी २.५ मि.मी. असते. बाजारात रॉड साधारणपणे १, २ आणि ३ मीटर लांबीचे मिळतात. जर्मन मानक डीआयएन ९७५ याच लांब रॉडसाठी असल्यामुळे त्याचा आकडा इथल्या दरपत्रकांतही सर्रास दिसतो. यांत्रिक गुणधर्मांसाठी आपल्याकडे आयएस १३६७ चा भाग ३ आहे आणि स्टेनलेस स्टीलसाठी त्याच मानकाचा भाग १४ आहे. मागणीपत्रात या आकड्यांचा उल्लेख असला, तर पुढे वाद झाल्यास बोलायला आधार राहतो.

ताकदीचा वर्ग वाचणे सोपे आहे. ४.६ मधील पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तुटण्याचा ताण मिळतो, म्हणजे ४०० मेगापास्कल. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे २४० वर, पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते. ८.८ वर्गासाठी हेच आकडे ८०० आणि ६४० होतात. टांगणीच्या बहुतेक कामांना ४.६ किंवा ४.८ वर्ग पुरतो आणि साध्या दुकानात वर्ग न सांगता मिळणारा मालही बहुधा त्याच पातळीचा असतो. मात्र नकाशावर ८.८ लिहिलेले असेल, तर तोंडी आश्वासनावर थांबू नये. डीआयएन पद्धतीने खुणा केलेल्या मालात ८.८ वर्गाच्या रॉडचे टोक पिवळे, १०.९ चे पांढरे, ए२ स्टेनलेसचे हिरवे आणि ए४ चे लाल रंगवलेले असते. रंगाचा डबा कोणाकडेही असू शकतो, म्हणून रंग पाहावा, पण विश्वास प्रमाणपत्रावर आणि चाचणीवर ठेवावा. ८.८ चा रॉड उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला असतो, त्यामुळे त्याला साइटवर वेल्डिंग करू देऊ नये, हेही मागणीपत्रासोबत साइटवरच्या अभियंत्याला कळवावे.

लेपन ठरवताना समुद्र लक्षात घ्यावा

मुंबईत या मुद्द्यावर जास्त वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे. विद्युत पद्धतीने चढवलेला जस्ताचा थर बहुधा ५ मायक्रॉनच्या (मि.मी.च्या हजाराव्या भागांच्या) आसपास असतो. वातानुकूलित कार्यालयाच्या छतात तो वर्षानुवर्षे टिकतो, परंतु वरळीच्या समुद्राकडे तोंड असलेल्या वाहनतळात, गच्चीवरच्या चिलर पाइपांना किंवा पाणी झिरपणाऱ्या तळघरात त्याच रॉडवर एक-दोन पावसाळ्यांतच तांबूस डाग दिसू लागतात. अशा ठिकाणी गरम जस्तात बुडवलेला रॉड घ्यावा, कारण त्यावरील थर सरासरी ५० मायक्रॉनच्या घरात असतो.

या जाड थरामुळे एक अडचण येते आणि ती खरेदीच्या वेळीच सोडवावी लागते. आट्यांच्या उतारामुळे लेपनाच्या जाडीच्या सुमारे चौपट वाढ आट्यांच्या मधल्या व्यासात होते. म्हणजे ५० मायक्रॉनच्या थराने तो व्यास ०.२ मि.मी.ने वाढतो आणि साधा नट त्यावर चढत नाही. यावर उपाय म्हणजे मोठ्या टॅपने (आतले आटे पाडणाऱ्या हत्याराने) आटे पाडलेले नट वापरणे. म्हणून बुडवलेल्या जस्ताचे रॉड आणि त्यांचे नट एकाच पुरवठादाराकडून, एकाच मागणीत घ्यावेत आणि प्रत्येक खेपेतला नट त्याच खेपेच्या रॉडवर फिरवून पाहावा. नट चढत नाही म्हणून कामगार डाय (बाहेरचे आटे पाडणारे हत्यार) फिरवून आटे ‘साफ’ करतात, तेव्हा ज्यासाठी जादा पैसे मोजले तो जस्ताचाच थर खरवडला जातो. १०.९ किंवा त्याहून वरच्या वर्गाच्या रॉडवर विद्युत लेपन मागवू नये, कारण प्रक्रियेत शोषला गेलेला हायड्रोजन पोलाद ठिसूळ करतो आणि असा रॉड भाराखाली काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटू शकतो.

स्टेनलेस म्हणजे सगळ्या चिंता मिटल्या, असे समजणे धोक्याचे आहे. ३०४ जातीच्या, म्हणजे ए२ च्या, रॉडवर समुद्रकिनारी चहासारखे डाग पडतात. तिथे ३१६ जातीचा ए४ घ्यावा. जलतरण तलावाच्या बंदिस्त छतासाठी मात्र हे दोन्ही नेहमीचे प्रकार सल्लागाराला विचारल्याशिवाय घेऊच नयेत. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ साली तलावावर टांगलेले काँक्रीटचे छत कोसळून १२ माणसे मृत्युमुखी पडली. ते छत स्टेनलेस स्टीलच्या रॉडवर तोलले होते आणि तलावाच्या हवेतील क्लोराइडमुळे ताणाखाली असलेल्या त्या रॉडना आतून तडे गेले होते. आपल्या शहरातील उंच इमारतींत पोडियमवर बंदिस्त तलाव बांधण्याची पद्धत वाढली आहे. तेथील छताच्या टांगणीची मागणी इतर मजल्यांच्या मागणीत मिसळू नये.

तुकड्यांची यादी आधी, लांबी नंतर

समजा, एका कामात ११०० मि.मी. लांबीच्या २००० टांगण्या लागणार आहेत. तीन मीटरच्या रॉडमधून असे दोनच तुकडे निघतात आणि ८०० मि.मी. उरते. म्हणजे १००० रॉड आणावे लागतात आणि त्यातील ८०० मीटर, एम-१० च्या हिशेबाने सुमारे ४०० किलो, माल उरतो. हेच ८०० मि.मी.चे तुकडे शौचालयांच्या कमी उंचीच्या छतात वापरता येत असतील, तर नुकसान जवळपास शून्यावर येते. आणि नकाशाकाराशी बोलून टांगणी ९५० मि.मी.वर आणता आली, तर एका रॉडमधून तीन तुकडे निघतात. मात्र तीन मीटरमधून बरोबर एक मीटरचे तीन तुकडे मिळतील असे गृहीत धरू नये, कारण प्रत्येक काप अडीच-तीन मि.मी. पोलाद खातो. मागणी मोठी असेल, तर कारखानदार आटे रोल करण्यापूर्वीच हव्या त्या लांबीचे तुकडे कापून देऊ शकतो. हा पर्याय विचारायला कोणी जात नाही, पण तो विचारावा. साइटवर कापायचेच असेल, तर कापण्यापूर्वी रॉडवर नट चढवून ठेवावा आणि कापल्यावर तो उलटा काढावा, म्हणजे टोकाचे आटे मोकळे होतात. कापलेल्या टोकाला जस्तयुक्त रंग लावावा.

माल कुठून घ्यावा आणि दर कसा मागावा

काही शे नगांपर्यंतची, आजच्या आज हवी असलेली खरेदी नागदेवी स्ट्रीटच्या परिसरातच करणे सोयीचे असते. स्टेनलेससाठी गुलालवाडी आणि कीका स्ट्रीटच्या बाजूला फिरावे. काही टनांची मागणी असेल, तर थेट उत्पादकाशी बोलावे. लुधियाना आणि रोहतक ही नट-बोल्टच्या उत्पादनाची मोठी केंद्रे आहेत. उत्पादकाकडे दर उतरतो, पण किमान मागणीची अट आणि तयार होण्याचा कालावधी या दोन्ही गोष्टी येतात, म्हणून कामाच्या वेळापत्रकातून मागे मोजत मागणीची तारीख ठरवावी आणि पहिल्या पंधरवड्याचा माल मुंबईतूनच घेऊन ठेवावा.

दरपत्रक मागवताना प्रति नग दर आणि प्रति मीटर हमी वजन, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर मागावेत. घाऊक खरेदीतील सर्वांत उपयोगी सवय कोणती असे कोणी विचारले, तर मी हीच सांगेन. फक्त नगाचा दर मागितला, की स्पर्धेत पातळ रॉड देणारा जिंकतो. फक्त किलोचा दर मागितला, तर एक टनात किती मीटर येणार हे कळत नाही. दोन्ही आकडे सोबत आले, की तुलना खरी होते. साध्या पोलादाच्या रॉडचे मीटरला वजन एम-८ साठी सुमारे ३२० ग्रॅम, एम-१० साठी ५०० ग्रॅम, एम-१२ साठी ७२५ ग्रॅम आणि एम-१६ साठी १.३३ किलो असते. याहून बरेच कमी वजन सांगणारा पुरवठादार निदान प्रामाणिकपणे सांगत असतो; आकडा द्यायलाच तयार नसलेल्याकडून माल घेऊ नये.

दरात जीएसटी धरला आहे की नाही, हे स्पष्ट करून घ्यावे. पोलादी फास्टनर करासाठीच्या मालाच्या वर्गीकरणात ७३१८ या एचएसएन शीर्षकाखाली येतात आणि त्यांवर १८ टक्के कर लागतो. भाडे आणि उतरवण्याची हमाली कोणाकडे, हेही लिहावे, नाहीतर गाडी फाटकाशी उभी राहते आणि माथाडी कामगारांच्या मजुरीवरून दोन्ही बाजूंची फोनाफोनी सुरू होते. सहा हजार मीटर एम-१० म्हणजे तीन टन माल असतो, आणि तीन मीटरचा गठ्ठा छोट्या हत्तीच्या हौद्यात मावत नाही, त्यामुळे गाडी कोणती येणार आणि साइटवरच्या लिफ्टमध्ये तीन मीटर लांबी जाते का, हे आधीच पाहावे. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे करारातील उधारीची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

फाटकावरची तपासणी

काही वर्षांपूर्वी लोअर परळच्या एका कामावर आमच्याकडे एम-१० म्हणून आलेल्या रॉडचा बाहेरचा व्यास व्हर्नियरवर ९.२ मि.मी. भरला. नट चढत होता, फक्त थोडा हलत होता, म्हणून पहिल्या दोन गाड्या कोणाला काही न खटकता आत गेल्या होत्या. एम-१० च्या ६जी या नेहमीच्या टॉलरन्सनुसार हा व्यास ९.७३ ते ९.९७ मि.मी.च्या दरम्यान असायला हवा. फरक अर्ध्या मिलिमीटरचा वाटतो, पण भार पेलणारा छेद ५८ चौरस मि.मी.वरून सुमारे ४८ वर येतो आणि मीटरमागे ८० ग्रॅमच्या आसपास पोलाद कमी मिळते. बसवलेले रॉड शोधून काढून बदलायला आम्हाला तीन आठवडे लागले. तेव्हापासून पुढील तपासणी झाल्याशिवाय मी चलनावर सही करू देत नाही.

प्रत्येक गाडीतील वेगवेगळ्या गठ्ठ्यांमधून, आतल्या थरातूनही, रॉड काढून व्यास मोजावा. एम-८ साठी तो ७.७६ ते ७.९७ आणि एम-१२ साठी ११.७० ते ११.९७ मि.मी.मध्ये बसावा, ही मापे लेपनापूर्वीची आहेत, त्यामुळे जाड लेपनाच्या मालाला ती जशीच्या तशी लावू नयेत. नंतर पट्टी लावून वीस आट्यांचे अंतर मोजावे. एम-१० मध्ये ते बरोबर ३० मि.मी. येते आणि तीन सुतीमध्ये ३१.७५, एम-१२ मध्ये ३५ आणि चार सुतीमध्ये ४२ मि.मी.हून थोडे जास्त. या एका मोजणीने सुताचा माल लगेच पकडला जातो. मग दहा रॉड एकत्र वजन करून मीटरमागचे वजन काढावे, आणि नट हाताने निदान अर्धा मीटर फिरवून पाहावा. मोठ्या कामांसाठी गो आणि नो-गो रिंग गेज (योग्य मापाच्या आट्यांवर पहिला चढतो, दुसरा चढत नाही) विकत घ्यावेत. त्यांची किंमत एका परत पाठवलेल्या गाडीच्या भाड्यापुढे फार नाही.

ताकद मात्र फाटकावर मोजता येत नाही. ८.८ किंवा स्टेनलेस मालासोबत ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे ३.१ प्रकारचे तपासणी प्रमाणपत्र मागावे, त्यावरील हीट क्रमांक (पोलादाच्या एका भट्टी-खेपेचा क्रमांक) गठ्ठ्याच्या पट्टीवरील क्रमांकाशी जुळवावा आणि मोठ्या खेपेतील नमुने एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत ताण चाचणीसाठी पाठवावेत. नमुने आपल्या माणसाने निवडावेत, पुरवठादाराच्या माणसाने नव्हे.

साठवण

गठ्ठे जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावेत. पावसाळ्यात ते प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नयेत, कारण आत साचलेल्या ओलाव्याने जस्तावर पांढरी भुकटी धरते. वरून ताडपत्री टाकून बाजूंनी हवा खेळती ठेवावी. क्रेनने उचलताना साखळीऐवजी नायलॉनचा पट्टा वापरावा, नाहीतर बाहेरच्या रॉडचे आटे दबतात. प्रत्येक खेपेतील अर्धा मीटरचा एक तुकडा, त्याला चलन क्रमांक आणि हीट क्रमांकाची चिठ्ठी बांधून, कामाच्या दोषदायित्वाची (दोष दुरुस्त करून देण्याच्या जबाबदारीची) मुदत संपेपर्यंत भांडारात कुलपात ठेवावा.